मोठा ऑईल कूलर घ्यायला गेलो होतो

मंडळी, आपल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर आज वेगळंच लिहितोय.

माझ्या गाडीच्या इंजिनची ताकद मी वाढवून घेतली आहे. महिनाभर करंजी घाटात ऑईल फार तापत होतं. म्हणून सकाळी नगरला रफीकभाईंच्या गॅरेजवर मोठा ऑईल कूलर बसवायला गेलो. मोबाईलवर सगळ्यात मोठा निवडूनच ठेवला होता.

रफीकभाई म्हणाले, "लई मोठा नको. थंडीत ऑईल गरमच व्हायचं न्हाई, मग इंजिन झिजतं. आधी हाय तो बघू."

त्यांनी खाली बसून बॅटरी मारली. पुढच्या जाळीवर दसऱ्याचा हार तसाच होता. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या जाळीमागच्या कूलरच्या पात्यांत गच्च बसल्या होत्या. वाराच लागत नव्हता.

"अजून काढला न्हाई व्हय?"

तो हार वडिलांनी बांधला होता. ही गाडी त्यांना कधीच पटली नाही. दर दसऱ्याला हार फक्त ट्रॅक्टरला. यंदा मी न सांगता त्यांनी हिलाही बांधला. दिवाळीनंतर ते गेले.

एवढं सांगितल्यावर रफीकभाईंनी कात्री माझ्या हातात दिली. "तुमीच काढा."

मी सुतळी कापली नाही. गाठ सोडवत बसलो.

कूलर साफ करून जुनाच ठेवला. येताना घाटात ऑईल तापलं नाही.

हार अजून शेजारच्या सीटवर आहे. वडील या गाडीत कधी बसले नव्हते. वाळलेला हार पाण्यात सोडतात, ते माहीत आहे मला. तुमच्यापैकी कोणी न सोडता ठेवलाय का?