चार इंचांचा कोबा

रागाला इतके अचूक माप असलेला दुसरा माणूस मी उभ्या नागपुरात पाहिला नाही. आमचे घर बांधणारा मिस्त्री सदैव जगावर रागावलेला असे, आणि त्या रागाचे कारण नेहमी इंचांत सांगता येई. शिंप्याने बाही आखूड शिवली, तर तो त्याच्याच टेपने शिंप्याचा हात मोजून दाखवी. रामदासपेठेतल्या टपरीवर स्टूल डुगडुगले, तेव्हा अर्धा चहा तसाच ठेवून तो मालकावर कडाडला, "तीन पायाचं स्टूल कधी डुगडुगते का गा? चौथा लावाची हौस होती, त मोजाची अक्कल कोठी ठेवली?" काटोलला पुतणीच्या लग्नात आचाऱ्याने अंदाजाने तांदूळ वैरले. याने मांडवातली माणसे मोजली, पातेल्याचा घेर दोरीने घेतला आणि भात कमी पडणार, हे वरपक्षासमोर जाहीर केले. भात कमी पडला. वर्षभर नातेवाईक त्याच्याशी बोलले नाहीत. "बरोबर निघालो ना मी," तो म्हणे, "म्हनून."

त्याची शाळा चौथीपर्यंत. मी कॉलेजात गणित शिकवीत असे. त्याच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती. तीन, चार आणि पाच हातांचा त्रिकोण ताणून तो प्रत्येक खोलीचा कोपरा तपाशी. मी त्याला त्यामागचा सिद्धांत सविस्तर समजावला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दोरीले हे आधीच मालूम हाये, साहेब."

तेव्हा प्रतापनगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉट अधिक होते आणि परमिटच्या सिमेंटचे एकेक पोते जपून वापरावे लागे. गच्चीच्या जिन्याचा हिशेब मी स्वतः केला. जमिनीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत एकशे वीस इंच; पायऱ्यांचे सोळा चढ; प्रत्येकी साडेसात. कागद पाहून मिस्त्री लाल झाला. "भागाकार बरोबर हाये, उंची खोटी हाये! पानी झिरपू नये म्हनून स्लॅबवर चार इंच कोबा येते. तो काय हवेत राहीन?" मजुरांसमोर झालेला हा अपमान मला सोसला नाही. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. शांतपणे म्हणालो, "गणित मी शिकवतो. तुम्ही विटा रचा." त्याने थापी आपटली आणि कागदाबरहुकूम जिना बांधला.

कोबा झाला आणि शेवटचा चढ साडेअकरा इंचांचा झाला. साडेसातला सरावलेला पाय तिथे हटकून ठेचकाळे. पहिल्याच उन्हाळ्यात पत्नी सांडग्यांच्या परातीसकट पडली. "मेल्या मिस्त्रीला साधा जिना बांधता येत नाही!" ती कळवळून म्हणाली. मी सांडगे वेचत राहिलो. पुढे शेजारच्या प्लॉटवर बांधकाम काढणारे गृहस्थ गच्ची पाहायला आले आणि तिथेच अडखळले. गुडघा चोळत त्यांनी विचारले, "जिना त्याच मिस्त्रीचा का? मी त्याच्याशीच बोलणी करून राहिलो होतो." मी "हो" म्हणालो. उत्तर खरे होते. तेवढ्या खऱ्या उत्तराने मी त्याचे काम घालवले.

शेजारी दुसऱ्या मिस्त्रीच्या हातच्या भिंती चढू लागल्या. तिथे स्लॅब ओतला त्या दिवशी मला राहवले नाही. मी मिस्त्रीच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. काम गेल्याबद्दल तो भडकेल, अशी माझी अपेक्षा होती. तो भडकला, पण वेगळ्याच गोष्टीवर. "काम गेलं त जाऊ द्या. बाई पडल्या, तरी तुमी पायरी तशीच ठेवली? काहून?"



दुसऱ्या दिवशी तो थापी घेऊन आला. "चार इंच एकीवरच टाकले त मानूस पडते. सोळा जनींत वाटले, त एकेकीले पाव इंच. कोनाच्या पायाले समजत नाई." खालून वर तो चढत गेला; पहिल्या पायरीवर पाव इंचाचा थर, दुसरीवर अर्ध्याचा, असा वाढवीत, आणि प्रत्येक थराबरोबर माझ्या पदवीचा उद्धार करीत. पत्नी चहा घेऊन आली, तेव्हा मी म्हणालो, "जिना यांनी चुकवला नव्हता. चूक माझी होती." ती काही बोलण्याआधी मिस्त्रीच ओरडला, "आता बोलले! कोबा वाळल्यावर!"

मिस्त्री जाऊन बरीच वर्षे झाली. आमच्या जिन्यावर आता कोणी अडखळत नाही. गच्चीच्या तोंडाशी माझा पाय मात्र अजूनही चार इंच जास्त उचलला जातो आणि क्षणभर हवेत तसाच राहतो.