बाहीतली नळी

ती मालिका माझी आहे, असं मी निम्म्या कोल्हापूरला सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे ती लिहिणारे आम्ही चौघे होतो. तिघे मुंबईत बसून लिहायचे आणि मी इथे शाळा सुटल्यावर, वह्या तपासायच्या सोडून. शेवटी पडद्यावर नावं इतक्या वेगानं वर पळायची, की माझं नाव वाचायला माझ्याच बायकोला तीन आठवडे लागले. पण दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मराठी वाहिन्या नुकत्या घराघरात आलेल्या. पेठेतला एक मराठीचा मास्तर टीव्हीत लिहितो, एवढ्यावर माझी छाती फुगली होती. शर्टाची वरची दोन बटणं मी मुद्दाम उघडी टाकून फिरत होतो.

मालिका विनोदी होती, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी साडेसातला. सत्तर सालाच्या आसपासची कोल्हापुरातली एक गल्ली. तिथली तालीम, पिठाची गिरणी, एका रेडिओभोवती बसणारी दहा माणसं आणि कोपऱ्यावरचा दूधकट्टा. मुंबईच्या मंडळींना जुनं कोल्हापूर पाहिजे होतं. त्या काळात मी चड्डीत होतो, तेवढ्या भांडवलावर मी जुन्या कोल्हापूरचा जाणकार झालो.

पहिला भाग आम्ही तालमीत बसून बघितला. तालमीच्या वस्तादांनी मोठा टीव्ही आणवला होता. शंभरेक माणूस आणि मी पुढच्या सतरंजीवर, नवऱ्या मुलासारखा. गल्ली दिसली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. गिरणी दिसली, टाळ्या पडल्या. मग कोपऱ्यावर म्हैस दिसली आणि सगळी तालीम एकदम गप्प झाली.

"ही म्हस कुणाची वो?" वस्तादांनी विचारलं.

"शूटिंगची," मी म्हणालो.

"शिंगं बघा की तिची! जिलबीगत गोल. आपल्याकडं अशी म्हस कधी हुती व्हय? आपली म्हणजे शिंगं कशी, खांद्याच्या मागं तलवारीगत!"

पुढची वीस मिनिटं कुणी संवाद ऐकले नाहीत. म्हशीवर चर्चा झाली. ती संपली तशी गल्लीतला विजेचा खांब चुकीच्या बाजूला आहे, असं निघालं. मी म्हटलं, अहो, तो सेट आहे. मागून आवाज आला, "सेट असला म्हणून काय झालं सर, खांब तिकडंच पायजे." भाग संपल्यावर मला वाटलं, मालिका पडली. पण बाहेर पडताना जो तो म्हणत होता, पुढच्या आठवड्यात सतरंज्या जादा घाला. आमच्या लोकांचं प्रेम असंच असतं. चुका काढायला मिळाल्या नाहीत तर त्यांना करमत नाही.

इचलकरंजीहून मेहुण्याचा फोन आला. त्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी बदलताना कामगार मालिका बघायचे. "मागांच्या खडखडाटात शब्द एक ऐकू येत न्हाय भावजी," तो म्हणाला, "पण माणसं लई आपली वाटत्यात." माझ्या लेखनाबद्दल आलेला हा सर्वांत चांगला अभिप्राय. एकही शब्द न ऐकता दिलेला.

तर आता दूधकट्टा. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. संध्याकाळी म्हशी कोपऱ्यावर आणून बांधतात, माणसं येऊन उभी राहतात, आणि धार त्यांच्यासमोर काढून फेसाळ दूध तिथल्या तिथे पेल्यात मिळतं. आमच्या कट्ट्यावर आप्पा होते. सीमेकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. चाळीस वर्षं त्याच कोपऱ्यावर. माझे वडील मला बोट धरून न्यायचे ते त्यांच्याकडेच. म्हशीशी ते कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि दोघांशी सारख्याच मायेनं. कट्ट्यावर एक रिवाज होता: ज्याला दुधाचा संशय, त्यानं स्वतः धारेला बसायचं. माझ्या आठवणीत आप्पांसमोर कुणी बसलं नव्हतं, कारण कुणाला संशयच नव्हता.

आणि मी काय केलं?

झालं असं की मालिकेतल्या दूधवाल्यावर लोक हसत नव्हते. दिग्दर्शक फोनवर म्हणाला, "सर, दूधवाला प्रामाणिक असेल तर त्यात विनोद कुठेय?" मी दहा मिनिटांत विनोद काढून दिला. दूधवाल्याच्या काखेत पाण्याची रबरी पिशवी, तिथून बाहीतून तळहातापर्यंत नळी. इकडे धार काढायची, तिकडे काख दाबायची, चरवीत दुधाबरोबर पाणी. दिग्दर्शक इतका हसला की एसटीडीचे पैसे त्याचेच जात आहेत हेही विसरला. मग मला आणखी चेव आला. दूधवाल्याचं वागणं कसं असावं, असं त्यानं विचारलं. मी आप्पा जसेच्या तसे उचलून दिले: धारेला बसण्याआधी म्हशीच्या पाठीवर तीनदा थाप, डोक्याला हिरवा पटका, कुस्तीत मोडलेला डावा कान, आणि "निल्लव्वा, निल्लव्वा" म्हणजे "उभी राहा गं बाई" असं कानडीत पुटपुटणं. चोरी माझ्या डोक्यातली आणि अंग आप्पांचं. हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. लक्षात आलं होतं. पण वाटलं, आप्पा हसतील.

तो भाग लागला त्या दिवशी तालीम कोसळायची राहिली. "आयला, आप्पाच हाय की ह्यो!" लोक लोळून हसले. वस्तादांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस मी खडू उजव्या हातात धरू शकलो नाही. मीही हसलो, मागे वळून हात जोडले, जणू काही मी नाट्यगृहात होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर जो आला तो आप्पांची बाही ओढायचा. "आप्पा, नळी दावा की!" आप्पा हसले. तिसऱ्या दिवशी थोडे कमी हसले. मग शेजारच्या नव्या अपार्टमेंटमधल्या एक वहिनी आल्या. त्यांना थट्टा-बिट्टा काही माहीत नव्हतं, त्यांनी मालिका बघितली होती. त्यांनी पेला उजेडात धरला, तिरका केला, दूध काचेवरून कसं उतरतं ते बघितलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही बाह्या वर करून धार काढाल का?"

आप्पांनी बाह्या वर केल्या. धार काढली. पेला दिला.

त्यानंतरच्या दिवसापासून ते कट्ट्यावर नुसत्या बंडीत यायला लागले. जानेवारीची थंडी, सत्तरीचा माणूस, उघडे दंड. वस्तादांनी मला शाळेच्या दारात गाठून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "सर, माणसानं चाळीस वर्षात हातभर नाव कमावलं आन् तुमी ते अर्ध्या तासात धुतलासा. आता काय करतासा ते करा, पर करा."

मी काय केलं, तर पेढे घेऊन गेलो. चांगले किलोभर. आप्पांच्या घरी सोप्यावर बसून मी खोका पुढे सरकवला. आप्पांनी झाकण उघडून बघितलं.

"दूधवाल्याकडं दुधाचं पेढं घिऊन आलास व्हय मास्तर?"

एरवी ते मला तम्मा म्हणायचे, धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्या दिवशी मास्तर झालो. आतून त्यांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणत असू, चहा घेऊन आल्या आणि कप ठेवताना म्हणाल्या, "पाणी कमी हाय बरं का चहात. चालंल न्हवं?" तो चहा मला अजून गिळायचा आहे.

मग मी मुंबईला फोन केला. म्हटलं, पुढच्या भागात दूधवाला निर्दोष आहे असं दाखवू. दिग्दर्शक म्हणाला, काय बोलताय सर, पत्रं येतायत नळीबद्दल. नटानं तर मोठी पिशवी मागितलीय. आणि खरंच, पुढच्या भागात नळी दोन्ही बाह्यांत आली. तालीम पुन्हा हसली. मी सतरंजीच्या मागच्या टोकाला बसलो होतो. वस्ताद हसले नाहीत, त्यामुळे त्यांच्या आजूबाजूचे वीसजणही हसले नाहीत, आणि ते वीसजण माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर बायकोनं भाकरी थापता थापता निकाल दिला. "कट्ट्याचा रिवाज काय हाय?"

"ज्याला संशय त्यानं धारेला बसायचं."

"मग पयला संशय कुणी घेतला? टीव्हीवाल्यांनी का तुम्ही?"

मी ताट पुढे ओढलं.

"बसा की मग. आन् नळीबिळी घिऊन बसा. लोकांस्नी बघू दे जमतं का ते."

दुसऱ्या दिवशी मी घरातली शेकायची रबरी पिशवी गार पाण्यानं भरली, काखेत बांधली, शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेली नळी बाहीतून सोडली आणि फुल शर्ट घालून कट्ट्यावर गेलो. वाटेत तीन ओळखीचे भेटले. तिघांनी विचारलं, सर, काखेत गळू झालंय काय?

कट्ट्यावर गर्दी होती. त्या वहिनीही होत्या. मी आप्पांच्या समोर उभा राहिलो आणि वर्गात ओरडतो तसा ओरडलो, "आप्पा, मला तुमच्या दुधाचा संशय हाय!"

आप्पा उठले. माझ्याकडे बघितलं, फुगलेल्या काखेकडे बघितलं, तळहातातून डोकावणाऱ्या नळीकडे बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते बाजूला झाले आणि बसायच्या पाटाकडे बोट दाखवलं.

मी बसलो. म्हशीच्या पाठीवर तीनदा थाप मारली. तिनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या सासूनंसुद्धा लग्नात तसं बघितलं नव्हतं. "निल्लव्वा," मी म्हणालो. शेपटी सप्पकन कानशिलात बसली.

"सरांनी सलामी घेतली!" वस्तादांनी कुस्तीच्या मैदानातला आवाज लावला.

मी सड धरला, ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. म्हशीनं पान्हा चोरला होता. परक्या हाताला ती थेंब देणार नव्हती. पण मला ठरल्याप्रमाणे काख तर दाबायची होती. दाबली. चरवीत पाणी पडायला लागलं. स्वच्छ, नितळ, नळाचं पाणी, आणि त्यात दुधाचा एक थेंब नाही.

"आरं, म्हस पाणी दियाला लागली!"

मी घाबरून दुसऱ्या हातानं नळी दाबून धरली, म्हैस एक पाऊल माझ्या अंगावर आली, मी मागे कलंडलो आणि काखेतली पिशवी फुटली. पाणी शर्टातून पँटीत, पँटीतून चपलांत. मी तिथेच बसून राहिलो, खाली चिखल झाला.

"सर," मागून कुणीतरी म्हणालं, "म्हशीनं न्हाय, तुमीच पान्हा सोडलासा!"

कोल्हापुरात हसतात तेव्हा पलीकडच्या पेठेत ऐकू जातं. आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. वस्ताद खांबाला धरून हसत होते. आणि मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं, कारण ते सगळे माझ्याकडे बघून हसत होते. आप्पांच्या उघड्या दंडांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

आप्पा पाटावर बसले. म्हैस लगेच स्थिर झाली, तिनं एक उसासा टाकला. धार सुरू झाली, फेस चरवीच्या काठाला आला. पहिला पेला त्यांनी त्या वहिनींपुढे धरला. वहिनींनी तो उजेडात धरला नाही. उभ्या उभ्या पिऊन टाकला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "काका, उद्यापासून सकाळचंही दोन लिटर द्या."

आप्पांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून, अजून न हसता, म्हणाले, "ऊठ तम्मा. थंडीत वल्ला बसू नगंस."

हा प्रसंग मी जसाच्या तसा लिहून मुंबईला पाठवला. तो त्यांनी घेतला नाही. दिग्दर्शक म्हणाला, "सर, शाळेचा शिक्षक भर चौकात पँट भिजवून बसतो, हे प्रेक्षकांना पटणार नाही. थोडं वास्तवाला धरून लिहा." दूधवाला पडद्यावर शेवटपर्यंत चोरच राहिला. पण आमच्या पेठेत तोवर कुणाला त्याची फिकीर नव्हती. तालमीत नळी दिसली की लोक पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसायचे, आणि दुसऱ्या ओळीत अंगावर जाड स्वेटर घातलेले आप्पा त्या नटाला सल्ला द्यायचे, "अरे दाब, दाब लवकर, फुटंल ती!"

पुढे कट्ट्यावर कुणी नवीन गिऱ्हाईक आलं, की आप्पा मोठ्यानं एकच सूचना द्यायचे: "पाणी पायजे त्यांनी सरांकडं जावा. दूध पायजे त्यांनी हिकडं यावा." कैक वर्षं हे चाललं. तेव्हा मी बहुधा तिथेच, पेला घेऊन, दुधाच्या रांगेत उभा असायचो, आणि नवीन माणूस माझ्याकडे बघून विचारायचा, "सर म्हंजे कोण वो?" सगळी रांग बोट दाखवायची.