आत्याच्या यादीतली रिकामी ओळ

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि ऑफिसात त्याहून जास्त. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांसाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. मोबाइलवरचं नव्हे, तेलकट टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारं, जुन्या वळणाचं. यंत्राचा सुटा भाग मापात बसला तर आकडा हिरवा, नाही बसला तर लाल. काम साधं आहे, पण माझ्यासोबत काम करणाऱ्यांकडून मी एक नियम घोकून घेते. अक्षरांना आपला रंग द्यायचा तर मागच्या पडद्यालाही आपलाच रंग द्या. नाहीतर दोन्हींना हात लावू नका, कॉम्प्युटर आपला बघून घेतो. हा नियम मोडला म्हणून मी एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी दया यायला नको.

आम्ही चामराजपेटेत राहतो. खाली आत्या, वर मी. आमचं मराठी घराणं या कानडी शहरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं, यावर दर लग्नात नव्याने वाद होतो. आत्याने लग्न केलं नाही. तीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर सगळा जीव संक्रांतीत ओतला. आमच्याकडे संक्रांतीला नुसता तिळगूळ नसतो, इथल्या रीतीचं एळ्ळु-बेल्ला असतं: तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि डाळं, सगळं एकत्र. त्याच्या पुड्या आत्या साठेक घरी स्वतः नेऊन द्यायची. त्या घरांची यादी एका जाड वहीत होती. गल्लीनुसार नावं, आणि दोन गल्ल्यांच्या मध्ये एक ओळ मोकळी. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "स्वल्प श्वास घ्यायला जागा नको?"

काही नावं त्या वहीत काळ्या शाईने लिहिलेली असत. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं, ती घरं. अशा घरात सण करत नाहीत, पहिल्या सणाला गोड रांधत नाहीत. बाहेरच्या कुणीतरी नेऊन द्यायचं, मग त्या घराने तोंडात घालायचं. लोक विसरतात, किंवा सणासुदीला तिथे कुठे जायचं म्हणून टाळतात. आत्या आधी त्याच घरांत जायची. पुडी नाही, नटणं नाही. डब्यात हुग्गी, म्हणजे मुगाच्या डाळीची गोड खिचडी, आणि तासभर बसणं. सणाचं खरं काम तेवढंच आहे, बाकी सगळी हौस, असं तिचं मत होतं.

गेल्या नवरात्रात मी ती वही कॉम्प्युटरवर चढवून दिली. खूप उत्साहात होते. रंगांवरून आमची दोन संध्याकाळी जुंपली. पुडीची घरं तिला हळदीच्या रंगात हवी होती. पांढऱ्यावर पिवळं वाचता येत नाही हे दाखवल्यावर ती राणी रंगावर आली. दुःखाची घरं मात्र काळीच, वहीत होती तशी. मी कोडमध्ये लिहिलं: अशा घराची अख्खी ओळ काळ्या अक्षरांत. मोकळ्या ओळीही तिच्या हट्टापायी तशाच ठेवल्या. मागच्या पडद्याला मी काही रंग दिला नाही. पांढरा तर होताच की. घरचंच काम, कोण बघतंय!

"आता डोक्यात काही ठेवायची गरज नाही," मी तिला ऐटीत सांगितलं. "मशीन लक्षात ठेवेल." आत्या शिस्तीची बाई. गरज नाही म्हटल्यावर तिने खरंच ठेवणं सोडलं.

दिवाळीनंतर गणिताच्या बाईंचे यजमान वारले. या बाई आत्याच्या शाळेतल्या, निपाणीकडच्या, जयनगरात चौथ्या ब्लॉकात राहणाऱ्या. आत्या तेव्हा लगेच जाऊन आली आणि घरी येऊन तिने स्वतः त्यांच्या नावापुढे खूण केली. नाव काळं झालं, यंदाचं ते एकच. त्यानंतर महिन्याभराने आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पांढरा पडदा डोळ्यांत खुपतो म्हणाली, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन तिचा अख्खा कॉम्प्युटर काळ्या पडद्याचा करून दिला. राणी रंगाची नावं त्यावर छान उठून दिसली. आत्या खूश, मी खूश.

संक्रांत झाली. साठेक घरं झाली. आठवड्याने आत्याला गांधीबाजारात शाळेतल्या जुन्या आयाबाई भेटल्या. त्या सहज म्हणून गेल्या, की गणिताच्या बाई वाट बघत होत्या, कुणीच आलं नाही, त्यांच्याकडे यंदा गोडाचा घास झालाच नाही.

आत्या भाजीची पिशवी घेऊन तशीच वर आली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "पुट्टी, तिचं नाव यादीत नाहीच गं," ती म्हणाली. मी चाळिशी ओलांडली तरी तिच्यासाठी पुट्टीच, म्हणजे छोटीच. "मी आत्ता खाली बघून आले. नाहीच."

त्या दिवशी एका कारखान्याचं काम द्यायचं होतं आणि ते अडकलं होतं. मी चिडलेलीच होते. दर रविवारी मी तिच्या यादीची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेते. ती उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली. पीण्यातले सगळे कॉम्प्युटर पांढऱ्या पडद्याचे, म्हणून माझाही तसाच. नाव होतं. ठळक, काळं, चौथ्या ब्लॉकातलं दुसरं.

"हे काय आहे मग?"

"मला खाली दिसलं नाही."

"यादी एकच आहे, आत्या. विसरलीस तू. विसरलीस तर विसरले म्हण, मशीनवर कशाला ढकलतेस?"

तिने ते नाव बोट ठेवून वाचलं. मग "सरी, बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी पुन्हा कामाला लागले. मला तर आपण बरोबर आहोत याचं समाधानही वाटलं होतं, ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

विसरणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. आत्याची थोरली बहीण शेवटची सहा वर्षं काहीही आठवू शकत नव्हती. आत्यानेच तिचं सगळं केलं. ती आत्याला "अहो बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारायची, आणि आत्या रोज नव्याने सांगायची. सुरुवात कशी झाली होती, हेही आत्याला पाठ होतं: एका सणाला थोरलीने जवळच्या मैत्रिणीला बोलवायचंच राहून गेलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोलले.

पुढचे दिवस आत्या शांत होती, आणि मला ते बरंच वाटलं. मग एकेक दिसायला लागलं. फुलं आणायला निघाली की फाटकापासून परत यायची, गॅस बंद केला का ते बघायला. एकदा तर तीनदा आली. सकाळी अंगणातून तिचा पुटपुटण्याचा आवाज यायचा. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय, पण ती जुन्या वर्गाची हजेरी होती. एक ते बेचाळीस, सगळ्या मुलींची नावं क्रमाने. सत्ताविसावर अडली की पुन्हा एकपासून. मी म्हटलं, गणिताच्या बाईंना फोन तरी कर. "कुठल्या तोंडाने करू? काय सांगू, तुझा नवरा गेला हेच विसरले?" मग एका रविवारी सकाळी मला खाली बोलावून म्हणाली, "ती यादी काढून टाक कॉम्प्युटरवरून. शेजारच्या सुनेला सांगितलंय, पुढच्या वर्षीपासून ती बघेल. माझ्याकडून आता होणार नाही. मला कळतंय काय होतंय ते."

अगदी सरळ आवाजात म्हणाली. तिच्या खुर्चीत बसून मी यादी उघडली. काढून टाकण्याआधी सवयीने एकदा खालपर्यंत चाळली. काळ्या पडद्यावर राणी रंगाची नावं, गल्ली संपली की मोकळी ओळ, पुन्हा नावं. जयनगरपाशी आले. चौथ्या ब्लॉकात एक नाव, मग मोकळी ओळ, मग आणखी चार नावं. मला वाटलं, ब्लॉकच्या मध्येच मोकळी ओळ कशाला? चुकून पडली असेल म्हणून पुसायला मी तिच्यावर क्लिक केलं. ओळ निळी झाली आणि त्या निळ्यात पांढऱ्या अक्षरांत गणिताच्या बाईंचं नाव आलं. दुसरीकडे क्लिक केलं, नाव गेलं.

काळ्यावर काळं. मी दिलेल्या पडद्यावर मी दिलेला रंग. आणि ते नाव गेल्याची शंकाही येऊ नये, कारण आत्याला मोकळ्या ओळींची सवय. जो नियम मी दुसऱ्यांच्या तोंडावर फेकते तो मी घरात मोडला होता, आणि तिच्या साठ घरांतून नेमकं तेच एक घर पुसलं होतं, ज्याच्यासाठी ती यादी ठेवायची.

आत्या स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. मी तिला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि माऊस तिच्या हातात दिला. "या ओळीवर दाब." तिने दाबलं. नाव आलं. "आता बाजूला दाब." गेलं. तिने आणखी चार-पाच वेळा करून बघितलं, पाठ नीट झालं का हे तपासावं तसं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "सगळी. तू विसरली नव्हतीस. नाव तिथे होतं, पण दिसणं शक्यच नव्हतं. तू मला सांगितलंस तेव्हा खाली येऊन बघायला हवं होतं मी."

"मी विसरले नव्हते?"

"नाही."

"पुन्हा म्हण."

"तू विसरली नव्हतीस, आत्या."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं रडेल. त्याऐवजी अशी काही भडकली, की नाकावरचा राग मला कुठून आला ते कळलं. पंधरा दिवस ती थोरलीचे दिवस डोळ्यांपुढे आणून झोपत होती, औषधं कोण देईल, आंघोळ कोण घालेल याचा हिशेब करत होती, आणि मी वर बसून काय करत होते? रडू मलाच आलं. शेवटी म्हणाली, "पुरे. परवागिल्ला, जाऊ दे. मूग काढ डब्यातून. रथसप्तमी अजून दोन दिवसांवर आहे, तोवर संक्रांत चालते."

हुग्गी होईपर्यंत मी कोड सुधारला. राणी नाही, काळा नाही. दुःखाच्या घरांना आता मी कुठलाच रंग देत नाही. कॉम्प्युटर त्याच्या पडद्याप्रमाणे जो देईल तो, आणि ती नावं सगळ्यात वर, ठळक. आत्याने येऊन पाहिलं, पडदा पांढरा करायला लावला, पुन्हा काळा करायला लावला, आणि मग मान हलवली.

दुपारी रिक्षाने जयनगरला गेलो. गणिताच्या बाईंनी दार उघडलं आणि आत्याच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "ये की. बस की," म्हणाल्या. आत्या बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "माझी भाची सांगेल काय झालं ते." मी सांगितलं. पडदा, रंग, रिकामी ओळ, सगळं. मध्ये एकदा मला वाटलं, या बाईंना यातलं काय कळणार. पण त्या गणिताच्या बाई होत्या, माझ्यापेक्षा सरळ डोक्याच्या.

"म्हणजे तू बरी आहेस?" त्यांनी आत्याला विचारलं.

"बरी आहे म्हणजे?"

"मी संक्रांतीला दिवसभर दार उघडं ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "तू येणार नाहीस असं होणारच नाही. संध्याकाळी दार लावलं आणि मला धडकीच भरली, हिचंही थोरलीसारखं व्हायला लागलं बहुतेक. फोन उचलला दोनदा. मग ठेवला. म्हटलं, तिला खरंच आठवत नसेल तर मी विचारल्यावर तिला कळेल की आपण विसरायला लागलो. ते माझ्याकडून कशाला कळायला हवं?"

नवरा जाऊन तीन महिने झालेली बाई, गोडाच्या घासाशिवाय सण काढलेली, आणि तिने स्वतःचं वाईट वाटून घेण्याआधी हा विचार केला होता. आत्याने डबा टेबलावर ठेवला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मोठ्याने, लाज न बाळगता. मी स्वयंपाकघरात जाऊन वाट्या शोधल्या. हुग्गी गरम होती. बाईंनी पहिला घास यजमानांच्या फोटोपुढे ठेवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. गूळ कमी पडलाय, म्हणाल्या. आत्या म्हणाली, तुझी जीभ आधीपासूनच तशी. तासाभरासाठी गेलो होतो, दिवेलागणीला निघालो.

परतीच्या रिक्षात आत्या रिकामा डबा मांडीवर धरून बाहेर बघत होती. काहीतरी पुटपुटत होती. कान दिला तर हजेरीच. सत्ताविसावर आली, अडली नाही, पुढे गेली. बेचाळीस झाल्यावर थांबली. साउथ एंड सर्कलच्या सिग्नलला रिक्षा उभी राहिली तशी ती माझ्याकडे वळली.

"गॅस बंद केलाय मी," ती म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. घरी पोचल्यावरही मी आधी जाऊन बघितलं नाही.