हरलो की उपास, लागला की जिलेबी

दुष्काळात आमच्या सहकारी संस्थेनं बीडकडच्या पालीजवळ चारा छावणी उघडली आणि मला तिथं कारकून म्हणून बसवलं. जनावरांना वेळेवर वैरण घालणारा मी, पण माझ्याच पोटाला वेळ-काळ नव्हता. मला मटक्याचा नाद होता. आकडा गेला की वाटायचं, तू जेवायच्या लायकीचा नाहीस. मग नुसत्या चहावर राहायचो. आकडा लागला की नेकनूरला जाऊन नरड्याशी येईस्तोवर खायचो.

छावणीत एक म्हातारी बैलजोडी घेऊन मुक्कामाला होती. माझा डबा तसाच परत जाताना तिनं पाहिला.

"साहेब, कावून जेवना गेलात?"

"उपास हाय, मावशी."

"कशाचा?"

तिची नजर चुकवायला मी आभाळाकडं पाहिलं. तिनं अर्थ काढला, साहेब पावसासाठी उपाशी हायेत! दुसऱ्या दिवशी माणसं माझ्या पाया पडायला लागली. मी "नको, नको" म्हणत होतो. पाय मात्र मागं घेत नव्हतो.

त्याच आठवड्यात आकडा लागला. नेकनूरच्या स्टँडवर जिलेबी झाली, भजी झाली, पुन्हा जिलेबी झाली, आणि हॉटेलामागं मी ओकत असताना एसटीतून मावशी उतरली.

"काय वं साहेब, पडला का पाऊस?"

मला हसू आलं, मग रडू. तिथंच सगळं सांगून टाकलं. तिनं मला चूळ भरायला पाणी दिलं. म्हणाली, "देवाला तरी मधी घ्यायचं न्हवतं. आता बायकोला तुमी सांगता का म्या सांगू?"

मीच सांगितलं. बायको भांडली नाही, सरळ बीडला मानसिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी विचारलं, "हरल्यावर जेवत नाही, जिंकल्यावर थांबत नाही. मग साधं जेवता कधी?"

हिशेबात तरबेज कारकून बोटं मोजायला लागला.

मटका सोडला, तर हात फडताळाकडं वळायला लागला. शेंगदाण्याचा डबा, गुळाची ढेप, लेकरांची बिस्किटं, काही सुटलं नाही. बाई म्हणाल्या, "असं होतं. दोन्हींवर एकदमच इलाज करावा लागेल." तेव्हापासून भूक असो-नसो, बायको ठरल्या वेळी समोर ताट ठेवून बसायची. आकड्याविना दिवस काढणं जमलं. दोन भाकरी खाऊन "बास" म्हणणं फार उशिरा जमलं. मधे घसरलोही. ते बायको जास्त रंगवून सांगते.