शंभर वॅटचे दिवे

आज मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासाने मला पेणजवळच्या आमच्या जोहे गावाच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं.

जीपला मी शंभर वॅटचे बल्ब बसवले होते. पेणला लावले की रोह्यात कोंबडे आरवायचे! एका संध्याकाळी समोरून शेजारचा धर्माकाका सायकलवर आला. गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगाने आखावेत ते त्यानेच. माझ्या दिव्यांनी त्याचे डोळे दिपले आणि तो शेतात कोसळला. उजवं मनगट मोडलं.

"दिवं हाय का सूर्य रं?" तो कण्हला.

त्याला जीपमध्ये घालून पेणच्या दवाखान्यात निघालो, तर वाटेत हाच जळका वास आला. त्या बल्बांचा भार न सोसून वायर वितळली आणि दिवे गेले. अंधारात तासभर अडकलो. मनगट वाकडंच बसलं, डोळ्यांची आखणी कायमची सुटली.

"काकाच्या सायकलला बैल आडवा आला," मी गावात सांगितलं. काकाने नुसती मान डोलावली. माझ्या साऱ्या थापांत गावाने तेवढीच खरी मानली.