साळवेदादांचा डबा

फोन उल्हासनगरहून आला, कॅम्प चारमधल्या आमच्या जुन्या दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्या शेठचा. "दिनकर, तेरा उस्ताद गया रे... सुबह, चाय पीते पीते." मी बदलापूरला घरी, चपला घालून कामाला निघालेला. उस्ताद म्हणजे शमुवेल साळवे, आमचे साळवेदादा. मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढून नवी भरायचं काम, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं की त्यांचा डबा आपल्याकडेच राहिला. माणूस गेला आणि ह्याला डब्याची पडलीय, असं कुणीही म्हणेल. म्हणा बापडे. पण त्या डब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय दादांबद्दल मला दुसरं काही सांगता येणार नाही.

दादा मूळचे नगरकडचे, राहायला अंबरनाथला. दुकान उघडलं की डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना, आणि मग तोंडाचा पट्टा सुरू. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून तारेचे वेढे मोजले आणि मोजता मोजता येशूच्या गोष्टी ऐकल्या. एकदा चेष्टेत म्हटलं, "दादा, आपला धंदाच पुनरुत्थानाचा. मेलेली मोटर उठवतो आपण." तर उखडलेच. "मोटर उठती ती पुन्हा जळायला! येशू उठला हे मी मानतोच, त्यात शंका नाय. पण उठून केलं काय, ते बघ की. ज्या रोमी सुभेदाराने क्रुसावर चढवलं त्याच्यापुढं छाती काढून गेला का? नाय. जे दोस्त ऐन वेळेला पळाले, ज्या पेत्राने 'मी ह्या माणसाला वळखत नाय' असं तीनदा सांगितलं, त्यांच्याकडं गेला. तळ्याच्या काठावर विस्तव पेटवला, मासे भाजले, अन् म्हणाला, या, खाऊन घ्या. सगळं पुनरुत्थान त्या भाजलेल्या माशात हाय, दिनकर." चर्चमधल्या एका जाणत्या माणसाला हे पटत नसे. साळवे, एवढी मोठी गोष्ट तुम्ही माशावर आणून ठेवता, असं ते म्हणायचे. दादा हसायचे. मेलेली माणसं कब्रस्तानात असतात हे खरं, पण जिवंत माणसंही येशूच्या कबरेला होता तसा धोंडा लावून आपापल्या चुकीत कोंडून बसतात, त्यांना बाहेरून हाक मारायला कुणीतरी जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी हूं हूं करायचो. माझं लक्ष वेढ्यांवर.

आठ वर्षांपूर्वीचा गुड फ्रायडे. त्या दिवशी दादा दुपारभर चर्चमध्ये असत आणि दुकान माझ्यावर. बारवी धरणाकडच्या एका वाडीची विहिरीवरची मोटर आली होती, सगळ्या वाडीचं प्यायचं पाणी तिच्यावर. तार मी भरली, वरून वार्निश दिलं; ते ओलं असताना मोटर चालवली तर तार जळते. जाताना दादांनी बजावलं, "वाळल्याबिगर हलवायची नाय. उद्या न्या म्हणावं." पण संध्याकाळी माझ्या मेव्हण्याची हळद होती आणि वाडीची माणसं टेम्पो घेऊन दारात. मी आत बोट लावून पाहिलं. चिकट लागलं. तरी मोटरचं झाकण लावलं आणि देऊन टाकली. सोमवारी ती परत आली, आतून कोळसा. वाडीचा म्हातारा दारातूनच कडाडला, "पंप जलला तुमचा! आमच्या बाया डोंगर उतरून पानी आनतात. कोनी भरली व्हती ही?" आणि मी, त्या माणसाचं बारा वर्षं मीठ खाल्लेला मी, म्हणालो, "दादांनी."

दादा मागे पायरीवर उभे होते... ते पुढे आले, मोटर उघडली आणि जळक्या तारेवर बांधलेला दोरा बोटांनी चाचपला. मी डावखुरा. माझी गाठ नेहमी उलट्या बाजूला पडते. ती गाठ मारायला मला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे त्यांना ती डोळे मिटूनही ओळखू आली असती. त्यांनी गाठ बघितली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "हां, माझ्याच हातची. चुकलं, बाबा." आणि दिवसभर बसून ती मोटर फुकट भरून दिली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहितही नसतो. "म्हाताऱ्याला ओलं वार्निश बी दिसत नाय" ही गोष्ट वाडीतून वांगणीपर्यंत पोचली, मग अंबरनाथला त्यांच्या घरी. एस्तेरवहिनी धास्तावल्या. मुलाने डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणाला वयाच्या मानाने बरे आहेत. पण ऐकतंय कोण? विजेचं काम, उद्या कुणाचा जीव गेला तर? वर्षाच्या आत दुकान बंद केलं त्यांनी. माझं एक वाक्य पुरे होतं हो... "वहिनी, ते मी केलं होतं." नाही फुटलं तोंडातून. उलट मी त्याआधीच शहाडला एका कारखान्यात चिकटलो आणि त्या बाजूला फिरकलोही नाही.

पण दादा यायचे. दर ईस्टरला, पहाटे कब्रस्तानातली प्रार्थना आटोपून, पांढरा शर्ट, पिशवीत स्टीलचा डबा, झाकणावर 'श. साळवे' कोरलेलं. आत तळलेली मांदेली. पहिल्या वर्षी बेल वाजली तेव्हा मी खिडकीतून त्यांना पाहिलं, डबा पाहिला, आणि सगळं समजलो. समजलो म्हणजे काय, उलटंच समजलो! मला वाटलं टोमणा मारायला आलेत. तू पेत्र, हे घे मासे. मी बायकोला, मंगलला, सांगितलं, "घरी नाही म्हण." आणि आतल्या खोलीची कडी लावून घेतली. ते पाच मिनिटं बसायचे, पाणी प्यायचे. "गरम हायेत, खाऊन घे म्हणावं त्याला." रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून मंगल त्यात कधी पोहे, कधी गूळ घालून द्यायची. मासे मात्र मी खायचो. निर्लज्जासारखा, काटे चाटूनपुसून. अशी सात वर्षं गेली. यंदा ते रिक्षाने आले, जिना चढताना धापत होते. डब्यात घालायला घरात त्या दिवशी काही नव्हतं, मंगल म्हणाली, नंतर पाठवते. दार लागल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही उघडायचं. मी नाही." आता कसली पुढची वेळ.

अंबरनाथला माती दिली तेव्हा मी मागे उभा होतो. महिनाभर तळमळलो. मग एका रविवारी मांदेली आणली, मंगलने तळली, त्याच डब्यात भरली आणि मी दादांच्या घरी गेलो. खिडकीशी त्यांची खुर्ची, आणि खिळ्याला बांधणीच्या दोऱ्याचं रीळ टांगलेलं, धूळ बसलेलं. एस्तेरवहिनींना मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वार्निश, हळद, गाठ, सगळं. मला वाटत होतं, दादांनी त्यांना कधीतरी सांगितलं असेल. नव्हतं सांगितलं.

त्यांनी रिळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घरातला फ्यूज गेला तरी मी त्यांना हात लावू दिला नाही. तुम्हाला दिसत नाही म्हणायचे. ते नुसते हसायचे... आणि ते रीळ हातात घेऊन त्या खुर्चीत बसायचे." त्या आत गेल्या, दोन ताटल्या घेऊन आल्या, डबा उघडला आणि दोन-दोन मासे वाढले. "खा. ते असते तर माफ केलं म्हणाले असते. मी म्हणत नाही. अजून नाही. पण खा." आम्ही समोरासमोर बसून खाल्लं. दादा जे बारा वर्षं सांगत होते ते त्या ताटलीत होतं. आठ वेळा ते माझ्या दारापर्यंत चालत आलं होतं आणि मी आतून कडी लावून बसलो होतो. तेव्हा उघडलं असतं तर दादा परत स्टुलावर बसले असते, दोरा हातात घेऊन. ह्याला आता औषध नाही.

निघताना मी डबा मागितला नाही, पण माझी नजर गेली असावी. वहिनींनी तो धुऊन, पुसून ओट्यावर पालथा घातला होता. म्हणाल्या, "डबा राहू दे इथेच. रिकामा द्यायचा नसतो, आणि भरून द्यावासा मला अजून वाटत नाही. वाटला की पाठवीन."

मी वाट बघतोय. मंगलला सांगून ठेवलंय, बेल वाजली तर दार मी उघडणार.