लाखोळीचे दोन डबे

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. मामाजींना दोनच गोष्टींचा शौक. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी आणि हातात माइक. पहिली गोष्ट त्यांना मनासारखी कधी मिळाली नाही, म्हणून दुसरीवर त्यांनी जरा जास्तच जीव लावला असावा, असं आपलं माझं मत.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच. घरोघरी पाहुणे, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक. नाटकाचा पडदा उघडण्याआधी पुढाऱ्यांच्या सत्काराचा कार्यक्रम असतो, आणि त्या कार्यक्रमाचा माइक मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून मामाजींकडे आहे. घरात "चा आन ना वो" म्हणणारा हा माणूस माइक हातात आला की "उपस्थित रसिक मायबापहो, याप्रसंगी" असं काहीतरी बोलायला लागतो. आम्ही घरचे पदराआड हसतो. पण आवाज मात्र खणखणीत. शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोरही उठून बसतं.

हा माइक मामाजींनी मागच्या निवडणुकीत पणाला लावला.

झालं असं, की आमची शेती नहरीच्या अगदी टेलवर, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या अंगाच्या बांध्या तुडुंब भरतात आणि आमच्याकडे पाणी निघाल्याची नुसती बातमी पोचते. उमेदवार गावात आले तेव्हा मामाजींनी त्यांना हाताला धरून बांधावर नेलं, कोरडी नहर दाखवली. उमेदवार म्हणाले, निवडून आलो तर विधानसभेत हा प्रश्न विचारीन. मामाजी विरघळले. घरोघरी जाऊन त्यांच्यासाठी मतं मागितली.

आमच्या शेजारच्या शेताचे मालक मामाजींचे लहानपणापासूनचे दोस्त. आम्ही त्यांना बांधावरचे काका म्हणतो. मामाजी हो म्हणाले की काका नाही म्हणणार, हे ठरलेलं. पानठेल्यावर सगळ्यांसमोर काका म्हणाले, "निवडून आल्यावर तो तुह्या नहरीचं नाव तरी घेईन का?"

"घेईन. विधानसभेत पुसीन."

"अन् नाही पुसलन त?"

"त पुढच्या मंडईत माइक तुह्या हातात देईन. मंग जलमभर धरनार नाही."

झालं. पानठेल्यावर बोललेली गोष्ट आमच्याकडे बाजाराच्या दिवसापर्यंत अर्जुनी मोरगावला पोचते. उमेदवार निवडून आले आणि मामाजी दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर झाले. माझं दुकान ऑनलाइनचं. सातबारा, पीक विमा, परीक्षेचे अर्ज, पासपोर्ट साइजचे फोटो. कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून ते म्हणाले, "सूनबाई, विधानसभा लाव."

जणू काही रेडिओच!

मी म्हटलं, अजून शपथविधी व्हायचा आहे. तर म्हणाले, मी बसतो.

नागपूरचं अधिवेशन सुरू झालं आणि आमचंही. सभागृहातलं कामकाज मोबाइलवरही थेट दिसतं, पण मामाजींना मोठा पडदा लागायचा. मी गिऱ्हाइकांचं काम करायची आणि मधूनमधून पडदा त्यांना द्यायची. हिशेब ठेवायला त्यांनी सासूबाईंकडून दोन रिकामे डबे आणि लाखोळीच्या डाळीची पिशवी मागून आणली. आमदार काही बोलले तर मूठभर डाळ डाव्या डब्यात. दिवसभर गप्प बसले तर मूठभर उजव्या डब्यात. सासूबाईंची अट एकच, "दाळ वापस पाहिजे."

आमचे आमदार अगदीच मुखदुर्बळ होते असं नाही. एकदा रस्त्यावर बोलले, एकदा दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून, एकदा धान खरेदी केंद्रांवर तर चांगले तावातावाने बोलले. त्या दिवशी मामाजींनी डाव्या डब्यात अशी मूठ मारली की निम्मी डाळ माझ्या कीबोर्डमध्ये गेली. पण नहर काही निघेना. उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्थसंकल्पाचं अधिवेशन झालं तेव्हा डावा डबा हलवला की वाजायचा आणि उजव्याचं झाकण दाबून बसवावं लागायचं. काका रोज संध्याकाळी यायचे, डबे हलवून बघायचे आणि पान खायला निघून जायचे. त्यांचं ते डबे हलवणं मला फार लागायचं.

मग मतदानाचं प्रकरण. मामाजींना हेही बघायचं होतं की एखादा कायदा आला तर आमदारांचा हात कुठल्या बाजूने वर जातो. आमच्या ग्रामसभेत हात वर करतात. कोणी कोणाच्या बाजूने हात केला हे पुढची पाच वर्षं गाव विसरत नाही. इथे मात्र अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. सभागृहात एकदम गलका झाला, होऽऽय! आणि कायदा मंजूर.

मामाजी माझ्याकडे बघतच राहिले. "आता यातला आपला कोनता?"

"कसं कळणार मामाजी? सगळे एकदम ओरडले."

"कायले नाही कळनार? अवाज मोठा कर."

मी आवाज मोठा केला. पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. झेरॉक्ससाठी आलेले दोघेजणही कान लावून उभे राहिले. तिसऱ्यांदा मामाजींनी टेबलावर थाप मारली, "हा! हा घोगरा हाये ना, हा आपला. बांधावर मी त्याचा अवाज आयकला हाये."

काका नेमके तेव्हा आले. म्हणाले, "गाय हंबरली तरी तू तिले आमदार म्हनशीन." सगळं दुकान हसलं. मीही हसले, काय करणार. तेव्हापासून कुठेही गलका झाला की पोरं मामाजींना विचारायची, यातला आमदार कोणता?

पावसाळी अधिवेशन ऐन धानाच्या रोवणीत आलं. मामाजी चिखलाचे पाय घेऊनच दुकानात यायचे, प्रश्नोत्तरांचा तास बघायचे आणि परत बांधीत जायचे. नहरीचं नाव नाही. अधिवेशन संपलं आणि मामाजींचं बोलणंच कमी झालं. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ते गोठ्यात बैलांसमोर भाषणाची तालीम करतात. या वर्षी गोठा गप्प. उलट काकांच्या शेतातून आवाज यायला लागला, "उपस्थित रसिक मायबापहो!" आमचे बैल कान टवकारून तिकडे बघायचे. मला खरंच वाईट वाटलं. म्हातारपणी माणसाजवळ आपली म्हणावी अशी एखादी गोष्ट असते, आणि तीही अशी शब्दाखातर जायची, म्हणजे काय! मी सासूबाईंना म्हटलं, काकांना जाऊन सांगते. त्या म्हणाल्या, "नोको. त्यानं सबद देल्ला हाये. तू मांगशीन त त्याले अजून लाज वाटन."

अशात मंडईच्या कमिटीने ठरवलं की यंदा पाहुणे म्हणून आमदारांनाच बोलवायचं. आणि पाहुण्यांचा परिचय टाइप करायचं काम आलं माझ्याकडे. मी चिडूनच बसले. म्हटलं, परिचय लिहायचा तर एकही खोटं वाक्य लिहिणार नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी चित्रफीत न लावता विधिमंडळाचे छापील कागद उघडले. एकेक प्रश्न, त्याखाली उत्तर. विचारणाऱ्यांच्या नावांची ही लांबलचक रांग.

आणि त्या नावांच्या रांगेत आमचे आमदार सापडले. खाली प्रश्न: आमच्या नहरीच्या शेवटच्या टोकाकडील शेतांना पाणी पोहोचत नाही, हे खरे आहे काय?

मी ओरडलेच. दुकानात कामासाठी आलेली बाई घाबरून उठली.

आमची चूक अस्सल आमच्या गावची होती. आमच्या ग्रामसभेत जो उठून बोलला नाही, तो आलाच नाही असं धरतात. तिकडे मात्र प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात, आणि तास संपेपर्यंत ज्यांचा नंबर लागत नाही त्यांचं उत्तर नुसतं छापून येतं. आमचा प्रश्न नंबर न लागलेल्यांत होता. आम्ही वर्षभर पडद्याकडे कान लावून बसलो आणि तो कागदावर निवांत पडून होता.

मग मी मंत्र्यांचं उत्तर वाचलं. "हे खरे नाही."

एवढंच. त्याखाली, उर्वरित प्रश्न उद्भवत नाही. माझं डोकंच फिरलं. त्या टेलच्या मातीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत माझी चप्पल अडकून तुटली आहे, आणि हे खरे नाही? क्षणभर वाटलं, मामाजींना नुसता प्रश्न छापून द्यावा, उत्तर कापून टाकावं. पण मग त्या कागदात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? मी दोन्ही छापलं.

मामाजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "पुसलन ना?"

"विचारलं. पण मामाजी, उत्तर..."

"पुसलन," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. "बाकीचं मी पायतो."

त्या संध्याकाळी गोठ्यात तालीम सुरू झाली. काकांनी बांधावरून ऐकलं, धावत आले, कागद बघितला. म्हणाले, "एवढ्या नावात एक नाव. हे काय पुसनं झालं?"

"बैल कितीबी असोत, हा नांगराले जुपला होता का नाही? मंग झालं."

काकांनी मान हलवली. हरले की ते मान हलवतात.

मंडईच्या दिवशी शामियाना गच्च भरला. आमदार पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, त्यांच्या मागच्या खुर्चीवर काका. नारळ झाला, शाल झाली, आणि मामाजींनी खिशातला कागद काढला. आधी प्रश्न वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमदारांनी हसून हात जोडले. मग मामाजींनी उत्तर वाचलं, आपल्या त्या माइकच्या भाषेत, एकेक अक्षर सुटं करून. "हे. खरे. नाही."

आमदारांचे हात जोडलेलेच राहिले.

"रसिक मायबापहो," मामाजी म्हणाले, "आपुन बी सभागृहच हाओ. टेलवर पानी पोचत नाही हे खरं हाये, असं ज्यायचं म्हननं असन, त्यायनं होय म्हनावं."

असा गलका मी नागपूरचाही ऐकला नव्हता, मुंबईचाही नाही. पडद्यामागून मेकअप केलेला राजासुद्धा होय म्हणत बाहेर आला. वरच्या अंगाचे, ज्यांच्या बांध्या तुडुंब भरतात, तेही ओरडले. माझा घसाच बसला. मामाजी म्हणाले, "होयचं बहुमत हाये," आणि तो कागद खाली उतरून आमदारांच्या हातात दिला. आमदार उभे राहिले आणि म्हणाले, यंदा नागपूरला पुन्हा विचारतो, आणि या वेळी उभा राहून विचारतो.

शेवटी आभार मानायला मामाजींनी काकांना वर बोलावलं. स्वतः माइक त्यांच्या हातात दिला. काका तालीम करून करून तयार झालेले, पण समोर एवढे लोक बघून सगळं विसरले. "उपस्थित," एवढं म्हणाले, मग मामाजींकडे बघितलं, आणि म्हणाले, "आभारी आहो. पानी मात्र पायजेच." त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं भाषण तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूबाईंनी उजव्या डब्यातली डाळ वड्यांसाठी भिजत घालायला काढली. मामाजी म्हणाले, थांब, त्यातली एक मूठ डाव्या डब्यात टाकायची आहे. काल आमदारही होय म्हणाले, मी आवाज ओळखला. पाहुण्यांसकट सगळे खो खो हसले. मीही हसले. मामाजींचा चेहरा जरासा पडला.

काका ओसरीवर चहा पीत बसले होते. आता ते काय टोमणा मारतात म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकांनी कप खाली ठेवला, उठून आले, उजव्या डब्यात हात घातला आणि मूठभर डाळ डाव्या डब्यात टाकली.

"म्हनलन," ते म्हणाले. "मी त्याच्या मांगंच बसलो होतो."